काळ्या चौकोनाखालचा पांढरा

दोन नाणी एकावर एक ठेवा. झाली त्या टीव्हीची जाडी. तो पहिल्यांदा दुकानाच्या काचेत लागला तेव्हा लोक समोरून बघून झालं की मान वाकडी करून बाजूनं बघायचे, आणि मग मागं काही लपवलंय का ते शोधायचे. मागं काहीच नव्हतं. पडदा आपणच उजळायचा, त्याला पाठीमागून दिवा लागत नव्हता. माझ्या हाताची जेमतेम सव्वा वीत एवढा पडदा, पण काळा रंग असा की त्यात बोट बुडेल असं वाटावं. एक आजोबा माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "इतका बारीक? धूळ पुसताना पुसून जायचा."

त्या पडद्यातला पांढरा रंग पांढरा राहिला तो एका बाईच्या हट्टापायी. ती बिचारी वगैरे नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. तिला बिचारी म्हटलेलं तिनं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. मी एकदा म्हणून पाहिलं, त्याचं काय झालं तेही येईल पुढं.

कारखान्यात तिला घारमावशी म्हणत. नजर घारीची म्हणून घार, आणि आम्हा सगळ्या जणींच्या आईच्या वयाची म्हणून मावशी. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होते. तोंड चालतं म्हणून मला काढलं, तर मी ते जास्तच चालवायला लागले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली, रद्दीतून कायद्याची पुस्तकं आणून वाचली आणि कामगारांचे अर्ज लिहायला बसले. वकिली पदवी नाही, पण अर्ज परत येत नाहीत.

मावशीचा बाप रंगारी. कापडाला रंग द्यायचा, गिऱ्हाईक चिंधी आणून देईल तसाच रंग काढून द्यायचा. पाच वर्षांची असल्यापासून ही त्याच्या कढईशेजारी उभी. बाप विचारायचा, "झाला का?" ही म्हणायची, "नाही, अजून चिमूटभर." बाप चिमूटभर घालायचा. शाळेत तिला गणित आलं नाही, पण दोन पांढऱ्यांमधला कुठला कुणीकडे झुकलाय, हे ती भाजीवालीशी बोलता बोलता सांगायची. तिचे यजमान बस चालवायचे. ते म्हणायचे, "हिला माझ्या दोन पांढऱ्या शर्टांतला फरक कळतो. मला फक्त ती रागावलीय की जास्त रागावलीय, एवढाच कळतो."

अशी बाई तपासणीच्या खोलीत टेबल क्रमांक चारवर बसली नसती तरच नवल.

ती खोली म्हणजे भिंतींना काळा रंग, खिडकी नाही, सहा टेबलं. बायकांच्या अंगात राखाडी कोट, कारण रंगीत कपड्याची झाक पडद्यात उतरते. नखाला रंग नाही, कानात चमकतं काही नाही. कामाची पाळी सुरू झाली की पहिली दहा मिनिटं अंधारात गप्प बसायचं. गढूळ पाणी निवळतं तसे बाहेरच्या उजेडानं ढवळलेले डोळे निवळू द्यायचे. त्या दहा मिनिटांनाच सगळ्या जणी 'निवळ' म्हणायच्या. निवळ झाल्याशिवाय मावशी कुणाला पडद्याकडे बघू द्यायची नाही. एका नवीन मुलीनं दोन मिनिटांत बघायला सुरुवात केली, तर तिच्या पडद्यावर मावशीनं कोटच टाकला होता.

काम असं. प्रत्येक टेबलावर डावीकडे एक पडदा कायमचा बसवलेला. तो नमुना. नवीन तयार झालेला पडदा उजवीकडे लावायचा. दोन्हींवर एकच चित्र येतं: सगळीकडे पांढरं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा काळा चौकोन. पांढरा पांढरा आहे का, काळा काळा आहे का, दोन्ही एका नजरेत कळावं म्हणून. नवीन पडदा नमुन्यासारखा दिसला की पास. पिवळट, लालसर, निळसर दिसला की बाद. बाद झालेला पडदा फोडून टाकायचा.

पाच महिने सुरळीत गेले. मग बाकीच्या पाच टेबलांवर 'निळसर' म्हणून बाद होणारे पडदे वाढायला लागले. आधी शंभरात पाच, मग पंधरा, मग चाळीस. एकट्या टेबल चारवर सहाच्या वर आकडा जाईना.

तपासणीच्या साहेबाला सगळ्या मोजपट्टी म्हणायच्या. खिशात सदैव स्टीलची पट्टी, आणि बोलतानाही शब्द मोजून. त्यानं मावशीनं पास केलेले वीस पडदे रंग मोजायच्या यंत्राला लावले. यंत्र म्हणालं, निळसर. तो मावशीला म्हणाला, "तुम्हाला हे निळसर दिसत नाहीत?"

"नाही. हे चांगले आहेत. तुमचा नमुनाच पिवळा पडलाय."

"यंत्रसुद्धा निळसर म्हणतंय."

"यंत्राला पांढरा कुणी शिकवला? दर सोमवारी तुम्ही ते या नमुन्यासमोरच धरता ना? मास्तरच चुकीचं शिकवतोय, पोराला काय मारता?"

मोजपट्टीनं पट्टी खिशातून काढून परत ठेवली. म्हणाला, "वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. त्या माणसाला निळा कमी दिसतो. हे मी म्हणत नाही, वैद्यकशास्त्र म्हणतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलबाहेरच्या फलकावर चार टाचण्या मारून त्यानं स्वतःच्या हातानं कागद लावला. "टेबल क्रमांक चारच्या निरीक्षक यांना दृष्टिदोषामुळे तपासणीच्या कामातून दूर करण्यात येत आहे. हरकत असल्यास गुरुवारी दुपारी तीन वाजता सुनावणी." सगळा कारखाना डबे घेऊन त्या कागदासमोरून जायचा.

मावशी माझ्या खोलीवर आली. जिना चढून आल्याचा दम होता, पण डोळे कोरडे. म्हणाली, "हा कागद माझ्या नावाला चिकटला तर जगात कुठल्या तपासणीच्या टेबलावर मला कुणी बसवेल का?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

"मग तो निघाला पाहिजे."

आता माझी अक्कल बघा. मी म्हटलं, "मावशी, आपण असं लिहू. सव्वीस वर्षांची नोकरी, वय त्रेपन्न, घरी नात सांभाळायची, तरी सहानुभूतीनं विचार करून हलकं काम..."

तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"भीक मागायची असती तर तुझ्याकडे कशाला आले असते? ती मला मागता येते. मला दिसतं, असं लिही."

"दिसतं हे सिद्ध कसं करायचं?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर आले ना? तू शहाणी ना?"

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं सगळ्या अक्षरांच्या ओळी वाचायला लावल्या, रंगाचे ठिपके दाखवले, आणि लिहून दिलं: दृष्टी उत्तम, रंगज्ञान उत्तम, भिंग स्वच्छ. मला वाटलं, जिंकलो. मावशीला काही वाटलं नाही. ती म्हणाली, "हे माझ्याबद्दल आहे. नमुन्याबद्दल यात काय आहे?" मी चिडले. म्हटलं, एवढी धावपळ करून कागद आणला तर हिला त्यातही खोट दिसते. दिसायचीच म्हणा.

बुधवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीसमोर पाण्याची टाकी. यजमान नुकतेच पाळीवरून आलेले, बादलीत पाय सोडून बसलेले. मावशी खिडकीत नातीचा जांभळा फ्रॉक घेऊन बसली होती. पोर वाढली, फ्रॉक आखूड झाला, म्हणून खालची दुमड उसवून लांबी सोडायची होती. ब्लेडनं एकेक टाका कापत होती, आणि मी उद्या काय काय बोलायचं ते वाचून दाखवत होते.

"ऐकतेस का, मावशी?"

ती ऐकत नव्हती. दुमड उघडली होती. वरचा सगळा फ्रॉक धुऊन धुऊन, उन्हात वाळून विटलेला, आणि दुमडीत दडलेली चार बोटं पट्टी अगदी दुकानातून आणल्यासारखी गडद जांभळी.

"अहो, ऐकलंत का?" ती यजमानांना म्हणाली.

"मी काय केलं?" ते घाईनं म्हणाले.

"बाबा काय म्हणायचे? नमुना दाराशी टांगला की तो उन्हाचा झाला. खरा रंग घडीच्या आत." ती ब्लेड हातात धरून उभी राहिली. "त्या पडद्यालाही घडी आहे."

"कुठाय?" मी विचारलं.

"काळा चौकोन! नमुन्याचा बाकी सगळा पडदा रोज दोन पाळ्या जळत असतो. तो कोपरा आठ महिन्यांत एकदाही पेटलेला नाही. काळाच राहिलाय. तो कोपरा पेटवला की कळेल, पहिल्या दिवशी पांढरा कसा होता ते."

यजमानांनी बादलीतून पाय काढले. म्हणाले, "म्हणजे उद्या तू साहेबाची दुमड उसवणार."

गुरुवारी तीन वाजता एका लांब टेबलाशी आम्ही बसलो. पलीकडे मोजपट्टी आणि हेड ऑफिसहून आलेली एक बाई. निकाल तिच्या हातात होता. नवीन टीव्ही नऊ दिवसांनी बाजारात येणार होता, म्हणून ती सारखी घड्याळ बघत होती.

मावशीनं मला बजावलं होतं की आधी तूच बोल, पण थोडकं बोल. मी डॉक्टरचा कागद वाचला. मोजपट्टी हसला. म्हणाला, "भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं, आणि आमचं काम वेगळं. उद्या कुणी रिक्षावालाही असला कागद आणेल."

मला हसलेलं सहन होत नाही. मी टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा ग्लास कलंडला आणि त्याच्या कागदांवर ओघळ गेला. "रिक्षावाला आणेल तर त्यालाही बसवा! निदान तो समोर बघून चालवतो!"

हेड ऑफिसच्या बाईनं पेन खाली ठेवलं. "सुनावणी इथेच थांबवायची का?"

मला वाटलं, घालवलं सगळं. माझ्याच तोंडानं घालवलं.

मावशीनं पिशवीतून रुमाल काढून माझ्या हातात दिला. "पूस ते. आणि आता गप बस." मग त्या बाईकडे वळून, अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "बाई, मला एकच गोष्ट करून दाखवायची आहे. टेबल चारच्या नमुन्यावर पूर्ण पांढरा लावायचा. काळा चौकोन काढून."

"त्याची काय गरज?" मोजपट्टी म्हणाला. "ठरलेलं चित्र आहे. ते बदलता येत नाही."

दाराशी तारवाला उभा होता. खोलीतल्या सगळ्या जोडण्या त्याच्या हाताखाली. त्याला साक्षीला बोलावलं होतं, आणि तो आल्यापासून भिंतीला चिकटून होता. तो म्हणाला, "एका बटणाचं काम आहे, साहेब." आणि आपण बोललो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं झालं.

हेड ऑफिसची बाई उठली. "दहा मिनिटांत होईल?"

"वीस," मावशी म्हणाली. "दहा निवळायला."

"काय करायला?"

"अंधारात गप्प बसायला. माझ्या खोलीत निवळल्याशिवाय कुणी बघत नाही. तुम्ही मोठ्या असाल, पण डोळे बाहेरच्याच उजेडातले."

मोजपट्टी म्हणाला, "त्या खोलीत आता यांना प्रवेशच नाही."

"तीन वाजून वीस मिनिटं झाली," बाई म्हणाली. "चला."

आम्ही काळ्या खोलीत बसलो. पाळीवरच्या पाच जणी आपापल्या जागी, हात मांडीवर. दहा मिनिटं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मोजपट्टीची पट्टी खिशात किल्लीवर वाजत होती. हेड ऑफिसच्या बाईनं घड्याळ बघायला मनगट उचललं, काही दिसलं नाही, खाली ठेवलं. शेवटी मावशी म्हणाली, "लावा."

तारवाल्यानं बटण दाबलं. टेबल चारचा नमुना सगळाच्या सगळा पांढरा झाला.

सगळा नाही. खाली डाव्या कोपऱ्यात तिकिटाएवढा एक तुकडा बाकीच्यापेक्षा वेगळा उजळला होता. कडा पट्टीनं आखल्यासारख्या. तो थंड, स्वच्छ पांढरा, आणि भोवतालचा सगळा पडदा त्याच्यासमोर जुन्या वर्तमानपत्रासारखा.

"हा डाग कसला?" बाईनं विचारलं.

"डाग नाही, बाई. तेवढाच स्वच्छ आहे. डाग तो बाकीचा."

मावशीनं आपण पास केलेला एक पडदा उजवीकडे लावला, ज्याला यंत्रानं निळसर ठरवलं होतं तोच. त्याचा पांढरा आणि त्या कोपऱ्याचा पांढरा, जुळे भाऊ.

मोजपट्टी खाकरला. "एखादा नमुना खराब असू शकतो. टेबल चारचाच."

"मग पाचचा लावा," पाचवरची मुलगी अंधारातून म्हणाली. इतके महिने तिनं तोंड उघडलं नव्हतं. पुढं तिनं मला सांगितलं, तिलाही शंका यायची. पण नमुन्यापेक्षा आपण शहाण्या कशा असू, असं वाटायचं.

पाचचा लावला. कोपरा उजळला. सहाचा. कोपरा. एक, दोन, तीन. सहाच्या सहा नमुन्यांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तो तिकिटाएवढा पांढरा बसला होता, आठ महिने सगळ्यांच्या नाकासमोर, काळ्याखाली झाकलेला.

तारवाला पुटपुटला, "तीन रंग मिळून पांढरा होतो. त्यातला निळा सगळ्यात आधी थकतो. तो थकला की पांढरा पिवळा."

"आणि आम्ही तीन महिने चांगले पडदे फोडले," बाई म्हणाली. मोजपट्टीकडे ती बघतही नव्हती.

मावशी म्हणाली, "अजून एक. हे दुकानातून घरी जातील तेही जळणारच आहेत. रोज एकाच जागी एकच चित्र ठेवलं तर घरातही असंच होईल. हे गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत लिहा."

"ते आम्ही बघू," बाई म्हणाली.

"तुम्ही बघाल म्हणूनच निवळायला बसवलं." आणि तिनं खोलीतली नोंदवही ओढली. तिथे फक्त आकडा आणि बादचं कारण लिहायचं असतं. तिनं त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: सहा नमुने, विटले म्हणून बाद. खाली सही. वरच्याला त्यावर सही करावी लागते. बाईनं केली.

परत लांब टेबलाशी आलो. बाई म्हणाली, "उद्यापासून तुम्ही टेबल चारवर. झालं ते गैरसमजातून झालं. आज संध्याकाळी शिपाई तो कागद काढून टाकेल."

मला वाटलं, आता टाळ्या वाजवाव्यात. मावशी उठली नाही.

"नवा नमुना कोण निवडणार?" तिनं विचारलं.

यंत्र जुन्या नमुन्यावरच शिकलेलं. ते बाहेर पाठवून पुन्हा जुळवून आणायला तीन आठवडे. टीव्ही नऊ दिवसांत. बाकी पाच जणींच्या डोळ्यांना आठ महिने पिवळाच पांढरा म्हणून शिकवलेला. एकच जण उरली होती जिला पांढरा पाठ होता, आणि तिला दृष्टिदोष असल्याचा कागद फलकावर.

"तुम्ही निवडाल ना?" बाई म्हणाली.

"मी कशी निवडणार? मला दिसत नाही, असं लिहिलंय तिथं. सगळ्यांनी वाचलंय."

"शिपाई काढेल म्हटलं ना."

"शिपायानं लावला नव्हता. ज्या हातानं लावला त्याच हातानं निघायचा. आणि संध्याकाळी, सगळे गेल्यावर नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत."

"हा हट्ट आहे," मोजपट्टी म्हणाला.

"आहेच. तुमची पट्टी लावून मोजा हवं तर."

दुसऱ्या दिवशी मला फाटकाच्या आत सोडलं नाही, पण फाटकाच्या जाळीतून तो फलक दिसतो. साडेबारा वाजता माणसं डबे घेऊन बाहेर आली आणि थांबली. मोजपट्टी आला. पहिली टाचणी निघेना, नखानं उचकटली. मावशी शेजारी तळहात पसरून उभी. "इकडे द्या. कंपनीच्या आहेत." त्यानं चारही टाचण्या तिच्या हातावर ठेवल्या. कागद घडी करून खिशात घालणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तो पण." तो कागद तिनं फाटकापाशी येऊन जाळीतून माझ्याकडे दिला. अजून माझ्या खोलीत आहे. नवीन कुणी रडत आलं की दाखवते.

मग ती आत गेली. पुढचं मला पाचवरच्या मुलीनं सांगितलं. खोलीत सगळ्या बसल्या, निवळ झाली. नवा नमुना व्हायला पहिला पडदा मोजपट्टीनं स्वतः गोदामातून निवडून, दोन्ही हातांवर धरून आणला. मावशीनं तो लावला. पूर्ण पांढरा केला, काळा चौकोन काढून. बराच वेळ बघितला.

"हा नाही," ती म्हणाली. "निळसर आहे." आणि बादच्या पेटीत ठेवून तिनं दुसऱ्यासाठी हात पुढं केला.